पंचाहत्तर रुपयांचे प्राध्यापक : टेंभू, विश्रामबाग आणि सातारा

ज्यांना एसटीत रेंज मिळत नाही, किंवा ज्यांचे इअरफोन परत एकदा एका कानाने गेलेत, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते इथे काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

तर झालं असं, की जून महिन्यात एका रविवारी मला एक फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी. आटपाडी तालुक्यातली. नाव सांगत नाही, कारण तिला नोकरी शोधायची आहे अजून. इतिहासात एम.ए. झाली, दुसऱ्या प्रयत्नात सेट पास झाली. फोनवर पहिलं वाक्य, "सर, पेढे पोच झाले समजा." आणि दुसरं वाक्य, "सर, एका कॉलेजात तासिकेवर बोलवतायत. जॉईन होऊ का?"

मी गप्प बसलो. तिला वाटलं रेंज गेली. "हॅलो सर, हॅलो?"

रेंज गेली नव्हती. मी स्वतः चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलंय. कुठे, ते सांगत नाही, याच दोन जिल्ह्यांतलं एक कॉलेज समजा. जुलैत मुलाखत, ऑगस्टमध्ये ऑर्डर, मार्चमध्ये ऑर्डर संपली. मानधन दर महिन्याला नाही, कधी दिवाळीनंतर एकदम, कधी पुढच्या वर्षी. मे महिन्यात कुणी विचारलं "काय करता?" तर काय सांगायचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. प्राध्यापक म्हणावं तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा बायोडेटा घेऊन रांगेत. चौथ्या वर्षी मी सोडलं. म्हणजे आपण सोडलं असं मी सांगतो. खरं तर त्या वर्षी मला कुणी बोलावलंच नाही.

मग तिला काय सांगणार? मी म्हणालो, "दोन दिवस दे, विचार करून सांगतो." आणि इतिहासवाला माणूस विचार करायला बसला की मागे जातो. मी बराच मागे गेलो. थेट टेंभूपर्यंत.

टेंभू हे नाव सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या लोकांना पाण्यामुळे माहीत आहे. टेंभू उपसा सिंचन योजना. कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे न्यायचं. माझ्या या विद्यार्थिनीच्या वडिलांच्या डाळिंबाला हेच पाणी येतं. पण याच टेंभू गावात १४ जुलै १८५६ ला गोपाळ गणेश आगरकर जन्मले. आपल्याला ते सुधारक म्हणून शिकवले जातात, टिळकांशी भांडण झालेले म्हणून शिकवले जातात. पण त्यांची नोकरी काय होती? ते कॉलेजात शिकवायचे. आणि माझ्या मते महाराष्ट्रात तरुण प्राध्यापकाला काय द्यावं, त्याच्याकडून काय घ्यावं, यावरचं पहिलं मोठं भांडण ज्यांच्यात झालं, त्यातले एक तेच.

थोडी पार्श्वभूमी. १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, मग नामजोशी, आणि एम.ए. झाल्यावर आगरकर. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या सुरुवातीला फर्ग्युसन कॉलेज उघडलं. आगरकर घरचे गरीब. कसेबसे शिकलेले, कराडला, रत्नागिरीला, अकोल्याला, मग डेक्कन कॉलेजात. एम.ए. झाल्यावर सरकारी नोकरीत गेले असते तर घराचं दैन्य एका वर्षात फिटलं असतं. त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरत्यात समाधान मानून मी हे काम करणार आहे. हे पत्र बहुतेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. गुरुजी ते सांगताना गहिवरतात आणि पुढे जातात. पुढे जे झालं ते मात्र कुणी सांगत नाही.

पुढे काय झालं? सोसायटीत एक पद्धत ठरली, आजीव सदस्य, म्हणजे लाइफ मेंबर. तरुण पदवीधराने वीस वर्षं संस्थेला द्यायची. पगार महिना पंचाहत्तर रुपये. हुशार माणूस असो की मध्यम, गणित शिकवो की संस्कृत, सगळ्यांना तेवढाच. सरकारी शिक्षण खात्यात याच लोकांना याच्या कितीतरी पट मिळालं असतं.

आता इथपर्यंत ऐकलं की वाटतं, त्याग, थोर माणसं, संपलं. पण थांबा. या पंचाहत्तर रुपयांच्या बदल्यात आजीव सदस्याला काय मिळत होतं ते बघा. संस्थेचा कारभार त्याच्या हातात असायचा. प्राचार्य कोण, नवा सदस्य कुणाला घ्यायचं, पैसा कुठे खर्च करायचा, या सगळ्यात त्याला मत होतं. पंचविशीतला पोरगाही बैठकीत बसून टिळकांच्या विरोधात हात वर करू शकत होता, आणि करत होताही. आजच्या भाषेत तो नोकर नव्हता, भागीदार होता. पगार कमी, पण वीस वर्षांची खात्री आणि कारभारात आवाज. असा तो सौदा होता.

आणि सौदा म्हटला की भांडण आलंच. काही वर्षांत लोकांची लग्नं झाली, पोरं झाली, पुण्यातला खर्च वाढला. आगरकरांना तर दम्याचा आजार. प्रश्न निघाला, की पगार थोडा वाढवावा का, आणि बाहेरून काही कमाई झाली तर चालेल का. टिळकांचं म्हणणं कडक होतं. आपण जेझुइट पाद्र्यांसारखे राहायचं, सगळा वेळ संस्थेला, बाहेरचं उत्पन्न नको, वाढ नको. आगरकर आणि त्यांच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं, की माणसाच्या गरजा बघाव्या लागतात. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा अगदी तरुण शिक्षक, त्यांचं अंकगणिताचं पुस्तक खपायला लागलं होतं, शिवाय सार्वजनिक सभेचं काम ते करत होते. तेही टिळकांना खटकलं. शेवटी १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. त्यामागे इतरही कारणं होती, सामाजिक मतभेद होते, स्वभाव होते. पण राजीनाम्याच्या मुळाशी असलेला एक मोठा मुद्दा हाच होता, की शिकवणाऱ्या तरुण माणसाने किती पोटाला चिमटा घ्यायचा, आणि ते कुणी ठरवायचं.

मी पूर्वी टिळकांच्या बाजूने होतो. तासिकेवर चार वर्षं काढल्यावर आगरकरांच्या बाजूला आलो. हे माझं वैयक्तिक, तुमचं तुम्ही ठरवा.

गोखल्यांवर थोडं थांबतो, कारण तरुण प्राध्यापकाला नेमकी काय मदत लागते याचं त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला सापडलं नाही. १८८५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते शिकवायला लागले. गणित शिकवलं, इंग्रजी शिकवलं, मग इतिहास आणि अर्थशास्त्र. संस्थेला जे हवं ते. आपल्याकडे अजूनही नव्या प्राध्यापकाला असंच जे उरेल ते देतात, तो भाग सोडा. पण दुसरीकडे त्यांना न्यायमूर्ती रानडे भेटले. रानडे त्यांच्याकडून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी लेख लिहून घ्यायचे, अहवाल वाचायला लावायचे, मसुदा आवडला नाही की पुन्हा लिहायला लावायचे. वर्षानुवर्षं. १९०२ मध्ये गोखले फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यामागे ही सगळी तालीम होती. म्हणजे एका बाजूला वर्ग, पगार थोडका पण ठरलेला. दुसऱ्या बाजूला आपल्यापेक्षा मोठा माणूस, जो तुमचं लिखाण वाचतो आणि 'पुन्हा लिहा' म्हणतो. या दोन गोष्टी एकत्र मिळाल्या की काय होतं ते दिसतंच आहे.

आणखी एक माणूस. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणितात पहिले. असा मान मिळालेले पहिले भारतीय. असा माणूस इंग्लंडात कुठेही बसला असता. पण जाण्याआधीच त्यांनी सोसायटीला शब्द दिलेला होता, आणि सोसायटीने त्यांच्यासाठी जागा धरून ठेवलेली होती. परत आले आणि १९०२ मध्ये ऐन पंचविशीत फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. तू शीक, परत ये, तुझी खुर्ची आहे. हे वाक्य मला कुणी म्हटलं असतं तर मीही पीएच.डी. वेळेत केली असती. (हसतो. ऑडिओमध्ये जरा जास्तच हसलोय.)

आता चला सांगलीला.

सांगली आणि मिरज यांच्या मधोमध विश्रामबाग. आज तिथे ट्रॅफिक आणि मॉल आहेत. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने तिथे विलिंग्डन कॉलेज काढलं, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांचं नाव देऊन. तोपर्यंत या भागातल्या पोराला कॉलेज म्हणजे कोल्हापूरचं राजाराम, नाहीतर पुणं, नाहीतर नुकतंच निघालेलं धारवाड. विलिंग्डनमुळे आजीव सदस्यांची ही पद्धत कृष्णाकाठी आली. गो. चि. भाटे यांच्यासारखे फर्ग्युसनचे अनुभवी प्राध्यापक इथे प्राचार्य म्हणून आले. नव्या कॉलेजात नवी पोरं शिकवायला ठेवायची आणि त्यांच्यासोबत एखादा मुरलेला माणूस द्यायचा, ही साधी गोष्ट. पण आपल्याकडे नवं कॉलेज काढताना नेमकी हीच विसरली जाते. इमारत असते, बोर्ड असतो, आत सगळे पहिल्या वर्षाचे.

विलिंग्डनची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मराठीतली नाहीच. ती कन्नडमधली आहे. १९३३ मध्ये रं. श्री. मुगळी नावाचे सत्तावीस वर्षांचे तरुण प्राध्यापक सांगलीला कन्नड शिकवायला आले. ते १९६६ पर्यंत इथे होते. तेहतीस वर्षं. या काळात त्यांनी कन्नड साहित्याचा इतिहास लिहिला, जो १९५३ मध्ये आला आणि ज्याला १९५६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका मराठी गावात, मराठी संस्थेच्या कॉलेजात बसून, कन्नडचा इतिहास! सीमाप्रश्नाच्या ऐन धामधुमीत हे चाललं होतं, हे लक्षात घ्या. विनायक कृष्ण गोकाक, ज्यांना पुढे ज्ञानपीठ मिळालं, ते आधी फर्ग्युसनला इंग्रजी शिकवायचे. ऑक्सफर्डला शिकून १९३८ ला परतले आणि विलिंग्डनचे प्राचार्य झाले. वय तेव्हा तिशीच्या आत.

मुगळींच्या बाबतीत माझं साधं म्हणणं असं. साहित्याचा इतिहास लिहायला किमान दहा वर्षं लागतात. जुनी हस्तलिखितं, जुने कवी, टिपणं, पुन्हा टिपणं. ज्या माणसाला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, तो असलं पुस्तक हातातच घेत नाही. तो शोधनिबंध लिहितो, आठ पानांचा, पॉइंट मिळतात म्हणून. मीही लिहिलेत. दोन. त्यातला एक मला आता वाचवत नाही.

जाता जाता, पु. ल. देशपांडे याच विलिंग्डनमधून एम.ए. झाले आणि पुढे काही काळ त्यांनी कॉलेजात शिकवलं. पण प्राध्यापकीत ते टिकले नाहीत, त्याबद्दल महाराष्ट्राने कुणाला दोष दिलेला नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. ही जी आजीव सदस्यांची पद्धत होती, ती सुंदर होती पण आत यायचं दार अरुंद होतं. १८८४ च्या त्या मंडळीत एकही बाई नाही. जवळपास सगळे ब्राह्मण. नवा सदस्य घ्यायचा तर तो आपल्याच ओळखीतला, आपल्याच वर्गातून पास झालेला. आटपाडीच्या डाळिंबवाल्याची मुलगी त्या दारात उभी राहिली असती का? तिच्या आजोबांना तरी कुणी उभं केलं असतं का? नाही. आणि हा प्रश्न ज्या माणसाने हातात घेतला, त्याने तो नेमका त्याच साली घेतला ज्या साली विलिंग्डन निघालं.

१९१९. ऑक्टोबर महिना. कराडजवळचं काले गाव. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. विश्रामबागेपासून काले आज गाडीने तासा-दीड तासावर. दोन संस्था, एकच साल, एकच कृष्णेचं खोरं, आणि सुरुवात अगदी उलट्या टोकांनी. विलिंग्डनने आधी कॉलेज काढलं आणि विद्यार्थी येतील म्हटलं. भाऊरावांनी आधी बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत जेवायला बसवलं, आणि कॉलेज काढायला अठ्ठावीस वर्षं घेतली.

या अठ्ठावीस वर्षांत ते काय करत होते? माणसं तयार करत होते. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. १९३५ मध्ये शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, कारण खेड्यात शाळा काढायची तर खेड्यात टिकणारा मास्तर पाहिजे. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल. आणि जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज. कमवा आणि शिका. पोरं सकाळी शेतावर किंवा बांधकामावर, मग वर्गात. (त्याच १९४७ साली सांगलीत धोंडूमामा साठ्यांनी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, आजचं वालचंद. दोन्ही जिल्ह्यांना ते साल चांगलं गेलं.)

आता कॉलेज काढलं, पण शिकवायला कोण? पुण्या-मुंबईचा एम.ए. साताऱ्याच्या गरीब संस्थेत कशाला येईल? भाऊरावांचं उत्तर असं होतं, की प्राध्यापक बाहेरून आणायचे नाहीत, बोर्डिंगातून उगवायचे. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्याचं उदाहरण. भाऊरावांच्या बोर्डिंगातलं पोर, पुढे इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झालं, वकिली करून मजेत राहता आलं असतं, पण परत येऊन शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. फुल्यांचं त्यांनी इंग्रजीत भाषांतर केलं. पोरांच्या उच्च शिक्षणाला कर्ज मिळावं म्हणून भाऊरावांनी एक पतपेढी काढली, पत्नीच्या नावाने, लक्ष्मीबाई भाऊराव पाटील शिक्षणोत्तेजक पतपेढी. लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, ही गोष्ट साताऱ्यात प्रत्येकाला माहीत आहे. त्यांच्या नावाची पतपेढी असणं मला देवळाला नाव देण्यापेक्षा योग्य वाटतं. कर्ज म्हणजे भीक नाही. घ्या, शिका, कमवा, परत करा, म्हणजे पुढच्याला मिळेल.

रयतमध्येही लाइफ मेंबर आणि लाइफ वर्कर असतात. कल्पना फर्ग्युसनच्या जवळची, माणसं मात्र वेगळी. प्राध्यापकापासून शिपायापर्यंत सगळ्यांना एकच शब्द, रयत सेवक.

आणि या सेवकांची परीक्षा लगेच झाली. १९४८ मध्ये गांधीजींच्या खुनानंतरच्या दंगलींच्या काळात भाऊरावांच्या एका भाषणावरून मुंबई सरकारने संस्थेचं अनुदान बंद केलं. शिवाजी कॉलेज तेव्हा जेमतेम वर्षाचं. कल्पना करा, नुकतेच लागलेले प्राध्यापक, आणि संस्थेची पेटी रिकामी. लोकांनी वर्गणी काढली, गाडगेबाबांनी सरकारदरबारी शब्द टाकला, आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात संस्था बंद पडली नाही, कारण शिकवणारे पळाले नाहीत. का पळाले नाहीत? मला वाटतं, जिथे आपण जेवून मोठे झालो ते घर पगार थकला म्हणून कुणी सोडत नाही. पण याच भावनेचा पुढे सगळीकडे, सगळ्या संस्थांत, किती गैरफायदा घेतला गेला तेही मी पाहिलंय. "त्याग करा" हे वाक्य स्वतः त्याग केलेल्या माणसाच्या तोंडून वेगळं ऐकू येतं, आणि इनोव्हातून उतरणाऱ्याच्या तोंडून वेगळं.

एन. डी. पाटील सर यांचंही सांगतो. वाळव्याच्या ढवळीचे, शेतकऱ्याचे पोर. १९५४ ते १९५७ या काळात साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात प्राध्यापक, आणि सोबत वसतिगृहाचे रेक्टर. पंचविशीतला माणूस दिवसा वर्ग घेतोय, संध्याकाळी कमवा-शिकाच्या पोरांचं काम बघतोय. १९६० मध्ये इस्लामपूरच्या कॉलेजचे प्राचार्य. वय एकतीस. नंतर आमदार, मंत्री, आणि पुढे अनेक वर्षं रयतचे चेअरमन. त्यांनी आयुष्यभर जे केलं त्याची पहिली शाळा साताऱ्यातली ती तीन वर्षं होती, असं मला वाटतं. तरुण माणसावर लवकर जबाबदारी टाकली, आणि त्याच्या मागे उभं राहिलं, तर तो काय होतो, हे इथेही दिसतं.

पुढचा इतिहास जरा भराभर सांगतो, कारण तो कागदांचा आहे. १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचा आधार मिळाला. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आलं आणि सातारा-सांगलीची कॉलेजं पुणे विद्यापीठाकडून तिकडे गेली. १९६४ ते ६६ चा कोठारी आयोग म्हणाला, प्राध्यापकाला नीट पगार द्या. पगार सरकारकडून यायला लागला, वेतनश्रेण्या आल्या, आणि खरं सांगायचं तर पंचाहत्तर रुपयांच्या काळाला कुणी रडलं नाही. बरोबरच आहे. १९८७ मध्ये नव्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर. आता २०२३ पासून त्याला मालवीय मिशन म्हणतात. १९८९ मध्ये नेट आली, नंतर महाराष्ट्रात सेट. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट नसताना लागलेल्या हजारो प्राध्यापकांचा लढा तर इतका लांबला, की त्यातले कित्येक लढतालढता निवृत्त झाले. २०१३ मध्ये याच आणि इतर मागण्यांसाठी परीक्षांवर बहिष्कार झाला, त्याचा ७१ दिवसांचा पगार अडकला. मी तेव्हा विद्यार्थी होतो. पेपर पुढे गेले म्हणून आम्ही सरांना शिव्या घालत होतो. आता लाज वाटते.

आणि या सगळ्या चांगल्या व्यवस्थेच्या बाहेर, दाराच्या बाहेर, तासिकावाला उभा राहिला. जागा भरायच्या थांबल्या, तास तर घ्यावेच लागणार. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन महिना ५७,७०० रुपये. २०१९ मध्ये यूजीसीने अतिथी अध्यापकासाठी तासाला १५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं सांगितलं. आपल्याकडचा दर त्याच्या खालीच राहिला. प्रशिक्षणाचं म्हणाल तर, मी एकदा रिफ्रेशर कोर्सला जाऊ का विचारलं होतं. आमच्या तेव्हाच्या कॉलेजातलं उत्तर होतं, "तुमचे तास कोण घेणार?" आणि दुसऱ्या दमात, "आणि तुम्ही पुढच्या वर्षी असाल का?"

इथे मला ते पंचाहत्तर रुपये पुन्हा आठवतात. आगरकरांचा पगार कमी होता, पण बैठकीत मत होतं, वीस वर्षांची खात्री होती. रयतच्या पहिल्या सेवकांचा पगार थकायचा, पण घर आपलं होतं. नंतरच्या कायम प्राध्यापकाला बैठकीतलं मत गेलं, पण पगार आणि पेन्शन आलं. तासिकावाल्याला पगारही कमी, मतही नाही, खात्रीही नाही, आणि घर तर नाहीच. जुन्या सौद्यातलं नेमकं अर्धं उचलून त्याच्या गळ्यात घातलंय. आणि त्याला ऐकवायला आगरकरांचं ते आईला लिहिलेलं पत्र आहेच.

दोन दिवसांनी मी तिला फोन केला. ती विट्याच्या स्टँडवर होती, मागे कंडक्टर ओरडत होता. मी म्हणालो, "हे बघ, मी नाही म्हणणार नाही आणि हो पण म्हणणार नाही. मुलाखतीत तू तीन गोष्टी विचार. एक, मानधन किती महिन्यांनी येतं, गेल्या वर्षीच्या तासिकावाल्यांना विचारून खात्री कर. दोन, विभागात कुणी जुनं माणूस आहे का, जे तुझे एक-दोन तास मागे बसून ऐकेल आणि काय चुकलं ते सांगेल. तीन, लायब्ररीचं कार्ड तुला कायमवाल्यांसारखं मिळेल का."

"सर, असलं विचारलं तर घेतील का?"

"माहीत नाही गं. मी कधी विचारलं नव्हतं."

ती म्हणाली, "आणि किती वर्षं थांबू?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हणालो, "दोन. दोन वर्षांत तुझं वाचन, तुझं लिखाण पुढे गेलं नाही, नुसते तास झाले, तर निघ. मी चार थांबलो, ती दोन वर्षं जास्त झाली." वडील काय म्हणतात विचारलं, तर म्हणाली, वडील म्हणतात पाणी आलंय, बाग आहे, दोन वर्षं तुला सांभाळू शकतो. म्हणजे तिच्या प्राध्यापकीला मदत आत्ता टेंभूचं पाणी करतंय. आगरकरांच्या गावचं.

गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. ऑर्डर मिळाली, मार्चपर्यंतची. विभागात एक मॅडम आहेत, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, त्या म्हणाल्या पहिले चार तास मी मागे बसते. लायब्ररीचं कार्ड मिळालं नाही, पण मॅडमनी स्वतःच्या कार्डावर पुस्तकं देते म्हटलंय. मानधनाचं विचारायचं धाडस झालं नाही. खाली लिहिलं होतं, "सर, टी.वाय.ला सत्यशोधक चळवळ आहे. तुमच्या नोट्स द्याल का?"

माझी ती वही माळ्यावर होती. काढली, धूळ झटकली. काही पानं मला आता चुकीची वाटतात, तिथे पेन्सिलने खुणा केल्या. तिचा भाऊ शनिवारी साताऱ्याला कामाला येतोय, त्याच्या हाती पाठवतो आहे.